अकरा वर्षांपूर्वीचं ‘हं’

‘कान उत्तम आहेत,’ कानाचा डॉक्टर म्हणाला. ‘शाळकरी पोरीचे असावेत तसे.’

हे ऐकून ग्रंथपालाला हायसं वाटायला हवं होतं. बायकोला ऐकू येत नाही ही गोष्ट त्यानं गेली दोन वर्षं मोठ्या समजूतदारपणे सोसली होती. मेहुणीला पत्रानं कळवली होती, वाचनालयात पोस्टमास्तरांना चिठ्ठीवर लिहून दाखवली होती. शेवटी ‘अपरिहार्य कारणामुळे आज बंद’ अशी पाटी दाराला अडकवून तो बायकोला घेऊन शहरात आला होता. येताना बसमध्ये त्यानं पुढचं सगळं योजूनही ठेवलं होतं. कानाला यंत्र लावावं लागेल, सुरुवातीला ती कुरकुर करेल, आपण धीर द्यायचा. त्या धीर देण्याची त्याला थोडी गोडीही लागली होती. आणि आता हा डॉक्टर कागदावर उमटलेली एक सरळ रेघ दाखवत होता, आणि त्या रेघेत धीर द्यायला कुठं जागाच नव्हती. ‘मग तिला ऐकू का येत नाही?’ त्यानं विचारलं.

‘काय म्हणालात?’ डॉक्टर पुढं वाकला.

त्यानं पुन्हा विचारलं. डॉक्टर आणखी वाकला. मग त्यानं बायकोकडं पाहिलं. ती केसांतून निसटलेली पिन जागेवर खोचत होती. पिन खोचता खोचताच म्हणाली, ‘ते विचारतायत, मग मला ऐकू का येत नाही.’

डॉक्टरनं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. मग त्यानं ग्रंथपालाला विचारलं, ‘आपण काय करता?’ ग्रंथपालानं सांगितलं. ‘गवंडी?’ डॉक्टर म्हणाला. ‘वाचनालयात असतात,’ बायको म्हणाली. ‘असं होय,’ म्हणून डॉक्टरनं कागद पुढं ओढला आणि त्यावर एकच ओळ लिहिली : मोठ्याने बोलणे. खाली सही केली आणि कागद बायकोकडं न देता ग्रंथपालाच्या हातात ठेवला.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि तो कागदाची घडी खिशात चाचपत तिच्याशेजारी. तसं पाहिलं तर आपला आवाज गेला कुठं, हेच त्याला कळेना. पंचविसाव्या वर्षी वाचनालयात लागला तेव्हा आवाज होता. शाळेच्या नाटकात तो सेनापती झाला होता आणि त्याची आरोळी ऐकून पुढच्या रांगेतलं एक लहान मूल भोकाड पसरून रडलं होतं, म्हणजे बऱ्यापैकी आवाज असणार. आधीचा ग्रंथपाल निवृत्त होताना त्याला किल्ल्या देऊन गेला, दाखलनोंदीचं जाड रजिस्टर देऊन गेला, प्रत्येक पुस्तकाच्या एकतिसाव्या पानावर वाचनालयाचा गुप्त शिक्का असतो हे कानात सांगून गेला, आणि जिना उतरता उतरता वळून म्हणाला, ‘आवाज खाली.’ त्यानं तो त्याच दिवशी खाली घेतला. पुढची सव्वीस वर्षं तो रोज थोडा थोडा खालीच जात राहिला आणि कुठवर गेला ते बघायला कुणी गेलं नाही. खरी गंमत अशी की, त्या वाचनालयात शांतता कधीच नव्हती. तळमजल्यावर सुताराचा कारखाना होता आणि त्याची करवत सकाळपासून संध्याकाळपर्यंत अशी किंचाळायची की, कपाटांच्या काचा थरथरायच्या. वरच्या खोलीत ‘शांतता राखा’ ही पाटी आणि तिच्या खाली बसून पेपर चाळणारे पाचसात लोक, सगळे करवतीच्या आवाजात बुडालेले. त्या गदारोळात ओरडायचं की कुजबुजायचं, दोन्ही सारखंच. ग्रंथपाल कुजबुजायचा. लोक त्याच्या ओठांकडं बघायचे आणि समजून घ्यायचे. ‘हे पुस्तक बाहेर गेलंय, पुढच्या सोमवारी या,’ एवढं मोठं वाक्य लोकांना नुसत्या ओठांवरून कळायचं. सव्वीस वर्षांत वाचनालयात त्याला कुणी ‘काय?’ म्हणून विचारलं नव्हतं, आणि ह्याचा त्याला अभिमान होता. आपले शब्द स्पष्ट आहेत, असं तो समजत होता.

घरी मात्र ओठांची सोय नव्हती. बायकोचं शिवणयंत्र उजेडासाठी खिडकीशी मांडलेलं होतं आणि ती दिवसाचा बराच वेळ त्याच्यावर, खोलीकडं पाठ करून बसायची. वाचनालय दुपारी बारा ते चार बंद. जेवण झालं की तो तिच्यामागं खाटेवर आडवा व्हायचा आणि तिच्या पाठीशी बोलायचा. दिवसभरातलं जे काही बोलायचं ते तेव्हाच. यंत्र खडखडत असायचं आणि ती मधेच म्हणायची, ‘हं.’ त्या ‘हं’वर त्याचा संसार चालला होता. आता बसच्या हिसक्यांत बसून तो ते सगळे ‘हं’ एकेक करून आठवू लागला. आई येत्या गुरुवारी येणार आहे, असं त्यानं सांगितलं होतं. ‘हं.’ गुरुवारी आई दारात उभी राहिली तेव्हा बायकोच्या तोंडचं पाणी पळालं होतं आणि त्याला वाटलं होतं, ही उगाच नाटकं करते. पिवळी साडी तुला शोभते, असं एकदा धीर गोळा करून म्हणाला होता. ‘हं.’ पुढच्याच आठवड्यात ती साडी तिनं बहिणीला देऊन टाकली आणि तो चार दिवस गाल फुगवून बसला होता. का फुगलेत हेही तिला कळलं नसणार. म्हणजे फुगणंसुद्धा वाया गेलं. तो एवढा हिशेबी माणूस नव्हता, पण सव्वीस वर्षं आपण एका पाठमोऱ्या बाईशी गप्पा मारत होतो आणि त्या गप्पांत आपण एकटेच होतो, ही शंका एकदा आली म्हटल्यावर तिला थांबवायचं कसं? शेजारी बायको खिडकीबाहेर बघत होती. तिचे ते उत्तम कान त्याच्यापासून वीतभर अंतरावर होते. आणि मग त्याला पत्र आठवलं.

पत्र अकरा वर्षांपूर्वीचं. शहरातल्या एका संस्थेत शिवणवर्गाला शिक्षिका हवी होती. बायकोनं अर्ज केला. गावातल्या घरांना नंबर नव्हते, म्हणून पत्ता वाचनालयाचा दिला. पत्र आलं तेव्हा पोस्टमास्तर नोकरीत होते, त्यांनी स्वतः जिना चढून सही घेऊन ते त्याच्या हातात दिलं. पाकीट पातळ होतं, उजेडात धरलं की आतलं वाचता यायचं. मुलाखतीला बोलावलं होतं, तारीख बारा दिवसांनंतरची. संध्याकाळी घरी न्यायचं म्हणून त्यानं ते टेबलावर पेपरवेटखाली ठेवलं. संध्याकाळी राहिलं. दुसऱ्या दिवशीही राहिलं. चौथ्या दिवशी पत्र हरवू नये म्हणून त्यानं ते एका पुस्तकात घातलं, आणि पुस्तकही असं निवडलं की, त्याला नऊ वर्षांत कुणी हात लावला नव्हता : कालव्यांच्या इतिहासाचा दुसरा खंड. पहिला खंड वाचनालयात कधी आलाच नव्हता. सवयीनं हात एकतिसाव्या पानावरच गेला. त्याच दुपारी, वाचनालय बंद व्हायच्या सुमारास, खालचा सुतार वर आला. सुतार सभासद होता, पण वजनावर पुस्तकं न्यायचा. सरस लावलेल्या फळ्या दाबून ठेवायला त्याला जाड पुस्तकं लागत. त्यानं कपाटातले दोन-तीन ग्रंथ हातात तोलून पाहिले आणि नेमका कालव्यांचा दुसरा खंड टेबलावर आणून आपटला.

‘थांबा,’ ग्रंथपाल म्हणाला होता. म्हणाला होता, ह्याबद्दल त्याच्या मनात कधी शंका नव्हती. पण सुतार काही त्याच्या ओठांकडं बघत नव्हता, तो खिशात पेन्सिल शोधत होता, आणि करवतीनं त्याचे कान कधीचेच गेलेले होते. ग्रंथपालानं तारखेचा शिक्का मारला. स्वतःच्या हातानं. पुस्तक अठरा पायऱ्या उतरून गेलं आणि एका कपाटाच्या सरस लावलेल्या दारावर महिनाभर पडून राहिलं. परत आलं तेव्हा पत्र पानाला चिकटलं होतं आणि मुलाखतीची तारीख उलटून गेली होती. ‘भारी पुस्तक आहे,’ सुतार म्हणाला होता.

अकरा वर्षं तो स्वतःला सांगत आला होता की, मी थांबा म्हणालो, त्याला ऐकू आलं नाही, माझा काय दोष? आज त्या बसमध्ये खिशातल्या कागदानं त्याचं घोडं अडवलं. थांबा म्हणालो खरं, पण किती हळू? हळू बोलण्यात एक मोठी सोय असते, हे त्याला पहिल्यांदाच दिसलं. आपण बोललो ह्याचं समाधान आपल्याला, आणि ऐकलं नाही ह्याचा दोष समोरच्याला. ह्या सोयीवर त्यानं बरंच काही भागवलं होतं. आणि त्या अठरा पायऱ्या? त्या काय करवतीनं कापून नेल्या होत्या?

तीन महिने तो ‘पत्र काही आलं नाही’ असं म्हणत राहिला. मग एका दुपारी मन फार खाऊ लागलं तेव्हा खाटेवरून तिच्या पाठीला म्हणाला, ‘ते पत्र आलं होतं गं. माझ्याकडून राहिलं.’ यंत्र क्षणभर थांबलं. ‘हं,’ ती म्हणाली. मग यंत्र सुरू झालं. त्याचा जीव भांड्यात पडला होता. तिनं माफ केलं, असं समजून तो त्या दुपारी गाढ झोपला. त्यानंतर जेव्हा जेव्हा तिच्या मनाच्या मोठेपणाचा विषय निघाला, तेव्हा त्यानं मनातल्या मनात तिला पैकीच्या पैकी गुण दिले. आणि आता, बस गावाच्या फाट्यावर वळताना, त्याला काहीच ठाऊक नव्हतं. तिनं ऐकून माफ केलं? की ऐकलंच नाही, आणि तो अकरा वर्षं न मिळालेल्या माफीवर जगत होता? तिला विचारावं तर ऐकलं नसल्यास सगळं नव्यानं सांगावं लागणार. न विचारावं तर ह्यापुढं तिच्या प्रत्येक ‘हं’ला दचकायचं.

‘उतरायचं नाही का?’ बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं वाचनालय अर्धा तास आधी उघडलं. पेपरांच्या जुन्या फायली ठेवायच्या मागच्या खोलीत जाऊन दार लावलं आणि डॉक्टरच्या सल्ल्याप्रमाणे मोठ्यानं बोलायला सुरुवात केली. पहिल्यांदा नुसती हवा आली. दुसऱ्यांदा आवाज आला, पण तो दार उघडल्यासारखा करकरला. तिसऱ्यांदा त्यानं डोळे मिटले, सेनापती आठवला, आणि जे निघालं त्यानं फायलींवरची धूळ हलली. लगेच जिन्यावर पावलं वाजली. सुतार दारात उभा होता, हातात रंधा.

‘कोण गेलं?’ त्यानं विचारलं.

‘कुणी नाही,’ ग्रंथपाल म्हणाला.

‘काय?’

ग्रंथपालानं हातानंच कुणी नाही असं सांगितलं. सुतार जाता जाता म्हणाला, ‘मला वाटलं मूकपटाला काही झालं.’ मग त्याच्या लक्षात आलं असावं, कारण तो रंध्याकडं बघत भराभरा खाली गेला. गाव आपल्याला मूकपट म्हणतं, हे ग्रंथपालाला असं कळलं. दुखलं त्याला, चांगलंच दुखलं, पण नाव चपखल होतं, हे पुस्तकांची सूची करणाऱ्या माणसाला मान्य करावंच लागलं.

दुपारी खाटेवर पडून त्यानं तीनदा घसा साफ केला. तिसऱ्या वेळी बायको यंत्र न थांबवता म्हणाली, ‘हळद घालून दूध देऊ का?’ म्हणजे घसा ऐकू येतो. त्यानं तोंड उघडलं, आणि ती पाठ, ती मान, मानेवरची सुटलेली बट बघून पुन्हा मिटलं. ह्या पाठीला आपण कधी खोटं बोललो नाही, फक्त हळू बोललो, असं काहीसं त्याच्या मनात आलं आणि त्याची त्यालाच लाज वाटली. चार वाजत आले. जे तोंडानं जमत नाही ते माणूस ज्या हत्यारानं रोज काम करतो त्या हत्यारानं करायला जातो. ग्रंथपालाच्या पिशवीत छापील स्मरणपत्रं असायची, मुदत उलटलेल्या सभासदांना पाठवायची. त्यानं एक काढलं, त्यावर बायकोचं नाव घातलं. ‘आपणाकडील पुस्तकाची मुदत संपून’ ह्यापुढच्या रिकाम्या जागेत ‘अकरा वर्षे’ लिहिलं. पुस्तकाच्या नावाच्या जागी बराच विचार करून आडवी रेघ मारली. ‘तरी आपण तातडीने वाचनालयात येऊन भेटावे’ हे छापलेलंच होतं. ती पाणी प्यायला आत गेली तेवढ्यात त्यानं ते यंत्राच्या सुईखाली सारलं आणि चपला पायात अडकवून पळ काढला. आपण काय केलं हे त्याला पाराच्या कोपऱ्यावर कळलं, पण तोवर परत फिरण्याइतका धीर उरला नव्हता.

पाच वाजता ती जिना चढून आली. वाचनालयात तिचं येणं वर्षाकाठी एकदोनदाच व्हायचं, त्यामुळं पेपर वाचणारी दोघंतिघं सावरून बसली. पोस्टमास्तर नेहमीच्या खुर्चीत होते. निवृत्त झाल्यापासून ते रोज संध्याकाळी इथंच असत आणि पेपर पहिल्या अक्षरापासून मुद्रकाच्या पत्त्यापर्यंत वाचत. खाली करवत जोरात होती.

‘हे काय आहे?’ तिनं स्मरणपत्र टेबलावर ठेवलं. तिला मोठ्यानं बोलावं लागत नव्हतं, तिचा आवाजच तसा होता. ‘माझ्याकडं कुठलं पुस्तक आहे? मी सभासद तरी आहे का?’

‘बस,’ त्याचे ओठ हलले.

तिनं ओठांकडं पाहिलंच नाही. ती वळून कपाटांपाशी गेली आणि त्याच्याकडं पाठ करून पुस्तकांच्या कण्यांवरची नावं वाचू लागली. म्हणजे घरच्यासारखंच झालं. फक्त खाट नव्हती, आणि मधे करवत होती. ग्रंथपाल उभा राहिला. ‘पत्र आलं होतं,’ तो म्हणाला. करवतीनं ते गिळलं. पुन्हा म्हणाला, तेही गिळलं. तिसऱ्यांदा त्याचा आवाज फुटला, सकाळचाच, पण आता त्यात सेनापती नव्हता, तो त्याचा स्वतःचा होता, जरा चिरका आणि घाबरलेला.

‘पत्र आलं होतं. तुझं, शिवणवर्गाचं. चार दिवस ह्या टेबलावर होतं. मी दिलं नाही.’

पेपरांची पानं जिथल्या तिथं थांबली. बायकोचं बोट एका कण्यावर टेकलेलं होतं. ते तिथंच राहिलं.

‘हं,’ ती म्हणाली.

तो थांबला. हेच ते. अकरा वर्षांपूर्वी इथंच संपलं होतं. खाली बसायला त्यानं खुर्ची मागं चाचपली.

‘बसता काय?’ ती वळून म्हणाली. ‘पुढं बोला की. कुणी हं म्हटलं की पुढं बोलायचं असतं. अकरा वर्षं मी हं म्हणून बसले आहे.’

‘म्हणजे तेव्हा ऐकू आलं होतं?’

‘तेव्हा कशाला? त्याच्याही आधी ठाऊक होतं. पत्र का येत नाही म्हणून मी पोस्टात विचारायला गेले होते.’

‘मी सही घेतली होती,’ पोस्टमास्तर पेपराकडं बघत म्हणाले.

ग्रंथपालानं त्यांच्याकडं पाहिलं. हा माणूस निवृत्तीनंतरची सात वर्षं रोज त्याच्यासमोर बसून होता. ‘मग तू बोलली का नाहीस?’ त्यानं बायकोला विचारलं, आणि आपण ओरडूनच विचारतोय हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

‘तुमचं बोलून व्हायचं होतं. तुम्ही म्हणालात, राहिलं. दार लावायचं राहतं, दिवा घालवायचा राहतो. पत्र राहत नाही. ते ठेवावं लागतं.’ तिचा आवाज पहिल्यांदाच जरा हलला. ‘मला वाटलं, आत्ता सांगतील का ठेवलं ते. तर मागून घोरणं ऐकू आलं.’

त्याला काहीतरी चांगलं, शोभेसं कारण सुचलं असतं तर बरं झालं असतं. सव्वीस वर्षं पुस्तकांत काढून त्याला एकही सुचेना. मग जे होतं तेच त्यानं सांगितलं, करवतीच्या वरच्या पट्टीत, पोस्टमास्तर आणि इतर सगळ्यांच्या देखत. ती शहरात गेली असती तर सकाळच्या बसनं जाऊन संध्याकाळच्या बसनं आली असती. वाचनालय बारा ते चार बंद. त्या चार तासांत घरात यंत्राचा आवाज नसता. खाटेवर पडून बोलायचं कुणाशी? एवढंच. तेवढ्यासाठी त्यानं चार दिवस पत्र दाबलं, आणि पुस्तक सुताराकडं गेल्यावर अठरा पायऱ्या उतरला नाही. ‘उतरता येत होतं,’ तो म्हणाला. ‘पाय दुखत नव्हते.’

तिला राग आला होता, तो दिसत होता, आणि तो जुना राग होता, नीट घडी घालून ठेवलेला. पण त्याबरोबर तिला हसूही येत असावं, कारण तिनं पदरानं उगाचच ओठ पुसले. ‘बोलायचं कुणाशी,’ ती म्हणाली. ‘आणि तेही असं, की मला अर्धं ऐकू येऊ नये.’ मग तिनं स्मरणपत्र उचललं, चार घड्या घातल्या आणि कमरेला खोचलं. ‘गेल्या महिन्यात मी परत अर्ज केलाय. तीच संस्था. त्यांना अजून बाई मिळालेली नाही, की मिळून गेली, काय असेल ते. पत्र येईल ह्या आठवड्यात.’

‘पत्ता?’ त्यानं विचारलं.

‘ह्यांच्या घरचा दिलाय,’ ती नेहमीच्या खुर्चीकडं हात करत म्हणाली.

पोस्टमास्तरांनी पेपर थोडा वर उचलला, इतका की त्यांचं डोकं दिसेना. ग्रंथपाल टेबलाच्या कडेला धरून उभा राहिला. त्याला बारा ते चार दिसत होते. खिडकीशी झाकण घातलेलं यंत्र, खाट, आणि भिंतीशी बोलणारा एक माणूस.

‘बरं केलंस,’ तो म्हणाला.

‘काय?’

तिचे कान उत्तम होते. शाळकरी पोरीचे असावेत तसे. त्यानं दोन्ही हात टेबलावर टेकले आणि खालच्या करवतीला, वरच्या लोकांना आणि स्वतःलाही नीट ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा म्हणाला, ‘बरं केलंस.’